पडद्यामागचे दिवे

ये गं, जवळ ये. पत्र असलं तरी समोर बसून ऐकतेस असं समज. भाची म्हणवतेस आणि टीव्ही बिघडला तर तसाच भंगारात देतेस? मावशीला एक फोन करायला काय झालं होतं? आमचाही बिघडला होता, ते ऐक आता.

आवाज यायचा, पडदा मात्र काळाठिक्कर. मुलगा महादेवपुऱ्याहून फोनवर म्हणाला, "आई, तू हात लावू नकोस, मी नवा मागवतो." त्याचंही चुकलं नव्हतं. पण मला काळजी तुझ्या काकांची. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला. डाव्या अंगठ्यानं रिमोटची बटणं शिकताना त्यांची किती चिडचिड झाली, ते मी बघितलंय. कुणाला हाक न मारता स्वतः करता येणारी तेवढीच एक गोष्ट उरलेली. नवा टीव्ही म्हणजे नवा रिमोट, पुन्हा पहिल्यापासून सगळं. तोंडानं तेही "येऊ दे नवा" म्हणत होते, आणि जुना रिमोट उशीखाली सरकवला होता.

मग मी खिडकीचे पडदे ओढले आणि चालू टीव्हीच्या काचेवर तिरका टॉर्च मारला. बघते तर बातम्या देणारी बाई आत अंधुक हलतेय. म्हणजे चित्र शाबूत, मागचे दिवे तेवढे गेलेले. व्हिडिओ बघून बघून मिक्सर, इस्त्री मी कधीच्या उघडते, टीव्हीला मात्र हात लावला नव्हता. टीव्हीच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लिहून घेतला आणि सुट्या भागांसाठी शिवाजीनगरचा बाजार गाठला. दुकानातल्या अण्णांनी दिव्यांच्या पट्ट्या दिल्या आणि बजावलं, काच एकटीनं उचलायची नाही, वाकली की गेली.

म्हणून शेजारच्या अक्कांना बोलावलं. प्लग काढून टीव्ही पलंगावर गोधडीत पालथा घातला, पाठ उघडली, मग उताणा करून चौकट सोडवली. काच उचलताना अक्कांचं कानडीत "स्वल्प, स्वल्प", म्हणजे जरा जरा, चाललेलं. काका खुर्चीतून एकटक बघत होते. काच नीट टेकली तेव्हा अक्का आपल्या कानडी मराठीत म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात मला कुणी एवढं जपलं नाही."

पट्ट्या बदलल्या, पण आतला एक पांढरा कागद उलटा बसला आणि पडद्यावर ढग दिसायला लागले. केलं परत सगळं उघडं. दुसऱ्यांदा मात्र चित्र आलं, स्वच्छ. काकांनी रिमोट काढला आणि माझी मालिका क्षणभरही बघू न देता मॅच लावली. बटणांकडे न बघता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. काकांना हल्ली बोलायला वेळ लागतो, तरी त्यांनी फोन मागून घेतला. म्हणाले, "तुझ्या आईनं केला." मग मला अक्कांचा नंबर लावायला लावून त्यांनाही तेच सांगितलं, जसं काही त्या इथं नव्हत्याच.

आता काकांचं तुला सांगायचं राहिलंय. फोनवर नको म्हणतात, समोर हवीस. तेव्हा ये गं लवकर.