एकाच गिटारवर सगळं

"कमी ऐकू येऊन राहिलंय त्याला. माहूरच्या कार्यक्रमाआधी दुसरा गिटारवाला बघावा लागंल," ऑर्केस्ट्राचे मालक दुकानाच्या दारात मामाला हळूच सांगत होते.

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं, ते त्यांचे गिटारवाले काका आत स्टुलावर बसून नवी इलेक्ट्रिक गिटार पारखत होते. नांदेडच्या आमच्या वाद्यांच्या दुकानात ते नेहमी येतात. गिटार हातात घेण्याआधी बोटं पँटला पुसतात. जिच्यावर सगळं वाजेल अशी एकच गिटार त्यांना हवी असते. गिटारवरचा आवाज बदलायचा खटका सरकवत मला सांगतात, "ताई, हे भजनाला. हे कव्वालीला. आन् हे पिक्चरच्या गाण्याला, जरा खरखरीत." दर वेळी तार छेडून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. मला अवघडल्यासारखं व्हायचं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, गिऱ्हाइकांशी बोलायला माझी जीभ रेटत नाही. मी मान खाली घालायचे.

आजही घातली, तेव्हा फरशीवर गिटारची वायर दिसली. ती स्पीकरमधून निघून पडली होती. नुसत्या तारा बारीक किणकिणत होत्या. काका मात्र खटका सरकवत, डोलत वाजवतच होते, आणि आवाज बदलला की नाही ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते.

तेवढ्यात मालक आत आले. "आवाज का न्हाई हो?"

त्यांना बघून काकांची बोटं थांबली.

मी वायर उचलली आणि त्या दुकानात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "माझा पाय लागून आत्ताच निघाली, काका. परत वाजवा. छान वाजत होती."