जंगलकाठची पड

सरिताला हे काम मिळालं तेव्हा गावात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. नागभीडच्या शेतकरी कंपनीनं खताचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर आणलं होतं. कोणत्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, गेली काही वर्षं कोणत्या हंगामात काय पेरलं, हे त्यात भरलं की कुठे युरिया किती टाकायचा, कुठे हात आखडायचा, ते कळायचं. भरायला गावातलीच कुणीतरी मोबाईल हाताळणारी हवी होती. सरिता बारावी शिकलेली. नवरा प्रफुल घुग्घुसच्या खाणीत कंत्राटावर, घरी सासूसासरे. ती हो म्हणाली.

पहिलंच घर पत्रूभाऊंचं. ते ओट्यावर बसूनच सांगू लागले, "लिही, धान. मागच्या सालीबी धान. त्याच्या मांघंबी धान. आमच्या इथी दुसरं का होते?"

"अन् धान कापाच्या आधी चिखलात लाखोळी फेकता, ते?"

"ते का पीक होय, बाई? ते तं लाखोळी होय!"

सरिताला हसू आवरेना. लाखोळी डाळवर्गातली, तिच्या मुळांनी जमिनीत नत्र राहतं, पुढच्या धानाला युरिया कमी लागतो, हे तिला कंपनीच्या नाजिया मॅडमनी शिकवलं होतं. तिनं पत्रूभाऊंची लाखोळी लिहून घेतली. घरोघरी हेच. माणसं धान सांगत, मग ती खोदून विचारी आणि उडीद, हरभरा, बांधावरची तूर एकेक बाहेर येई. हळूहळू बायाच तिला हाक मारून सांगू लागल्या, "सरिता, आमच्या पोपटाच्या शेंगा राह्यल्या ना लिहाच्या!"

अडायचं ते जंगलाकडच्या तुकड्यांपाशी. तिथली बांधी आली की माणूस एवढंच म्हणायचा, "पड." सॉफ्टवेअर पुढे विचारायचं, पड का ठेवली? पाणी नाही, मजूर नाही, इतर. सरिता 'इतर' दाबायची. विचारायची गरज नव्हती. तिथे लटारूभाऊंना वाघानं मारलं होतं.

आपल्या घरची माहिती तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. सासरे श्रावण, तिचे मामाजी, लटारूभाऊंचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांच्या बांध्या लागून. लटारूभाऊ गेल्यापासून मामाजींनी त्या वाटेला पाऊल टाकलं नव्हतं आणि घरात कुणी तो विषय काढत नसे.

एका सकाळी ते अंगणात दोर वळत बसले होते. सरिता मोबाईल घेऊन जवळ बसली.

"मामाजी, आपला जंगलाकडचा तुकडा राह्यला."

"लिही ना. पड."

"कोनत्या सालापासून?"

चुलीपासून सासू ठमाबाई बोलल्या, "लटारूभाऊ गेले तवापासून. दुसरं काय?"

सरिताला वाटलं, आता ते उठून जातील. पण ते उठले नाहीत. दोराकडे बघतच बोलू लागले. "तूर कापून राह्यलो होतो दोघंबी. तो त्याच्या बांधावर, मी माह्या. गोठी चालू होत्या आमच्या. अन् मधातच तो बोलाचा थांबला. मी वरडलो, दगडं मारले. वाघ पऱ्हाला. पन लटारू..." त्यांनी दोराला एक पीळ दिला. मग म्हणाले, "लोकायले वाटते, श्रावन वाघाले भेते. भेतो मी, नाई कसं म्हनू? पन तिथी नांगर धरला तं बोलू कोनासंग मी?"

सरितानं मोबाईल पदराखाली ठेवला. त्या दिवशी तिनं काही भरलं नाही.

नोंदी पुऱ्या झाल्यावर ती नागभीडला गेली. नाजिया मॅडमनी गावाचा नकाशा मोठ्या पडद्यावर उघडला. पिकाखालच्या बांध्या हिरव्या, पडीक त्या राखाडी. नाल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत, जंगलाला लागून, राखाडी पट्टाच्या पट्टा पसरला होता.

"इतकी पड?" नाजिया मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, दोनचार शेतं असतील."

"मलेबी तसंच वाटलं होतं. ज्याले विचारलं तो एवढंच म्हने, माही पड आहे."

सरिता पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे मले गावात दाखवाचं आहे."

विहारासमोरच्या ओट्यावर सभा भरली. नाजिया मॅडमनी नकाशाचा मोठा कागद काढून आणला होता. माणसं वाकून आपापली बांधी शोधू लागली.

"अरे, इसरू, तुहीबी पडच?"

"मंग? तुही कुठी पेरलीस?"

पत्रूभाऊंनी डोक्यावरचा दुपट्टा काढला. "मले वाटे, मी एकटाच भेलो."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यानंतर बोलणं सोपं झालं. एकट्यानं जायचं नाही. सगळा पट्टा एकदमच पेरायचा, सोबत जायचं, ऊन उतरायच्या आत परतायचं. काठची झुडपं काढून द्यायला वनखात्याला सांगायचं. पण पेरायचं काय? हरभरा डुकरं ठेवत नाहीत.

"जवस पेरा," बायांतून ठमाबाई म्हणाल्या. "माह्या माहेरी जंगलाकाठी जवसच राहे. जनावर तोंड नाई लावत. अन् उंचबी होत नाई, पलीकडचं दिसते."

नाजिया मॅडमना ते पटलं. खताचं प्रमाण त्या काढून देणार होत्या. श्रावणमामाजी सभेच्या कडेला बसून होते.

पेरणीच्या सकाळी माणसं काठ्या, डफ घेऊन निघाली. मामाजी घरीच. सरितानं त्यांना आग्रह केला नाही. पट्ट्यावर तिफणी चालू झाल्या, तेव्हा नाल्याकडून ते बैलजोडी हाकत येताना दिसले. स्वतःच्या बांधीपाशी थांबले नाहीत. लटारूभाऊंचा मुलगा चंद्रपूरला नोकरीला, त्याची बांधी कोण पेरणार होतं? मामाजींनी आधी तिथे तिफण लावली. इसरूभाऊ जवळच होते. ते न सांगता बैलांपुढे चालू लागले आणि मोठ्यानं काहीबाही बोलत राहिले. पाण्याचं, पोरांचं, सिंदेवाहीच्या बाजाराचं. थोड्या वेळानं मामाजींचा आवाजही ऐकू येऊ लागला.

हिवाळ्यात एकदा नाल्यात पंजे उमटलेले दिसले. त्यानंतर काही दिवस कुणी गेलं नाही. मग पुन्हा सगळे मिळून गेले. पौषात सगळा पट्टा निळ्या फुलांनी भरला. पीक काही भरघोस नव्हतं, पण घराघरात तेलापुरतं आलं. नाजिया मॅडम आल्या तेव्हा ठमाबाईंनी त्यांना भाकरीवर जवसाची चटणी वाढली, वर आणखी बांधून दिली.

रोहिणी लागायच्या सुमाराला मामाजींनीच सरिताला हाक मारली.

"तिथी खरिपाले का टाकाचं? विचार तुह्या मशीनले."

"मशीन खत सांगते, मामाजी. पीक तुमालेच सांगा लागते."

ते विचारात पडले. "धान टाकू. मंग पानी उतरलं का लाखोळी. लटारूच्या पोराले फोन लाव बरं, त्याले इचारू. म्हनू, तुह्या बापाची बांधी मी करतो, पन सुट्टीत येऊन उभा राहत जा."

सरितानं नंबर लावला आणि फोन त्यांच्या हाती दिला.