चौथ्या क्रूझरचं ड्रॉइंग

जपानमधला भूकंप मार्चमध्ये झाला, पाठोपाठ अणुभट्ट्यांचे स्फोट झाले आणि मे महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. चौथा महिना चालू होता. इचिकावातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन-तीनदा समजावलं, की याचा भूकंपाशी, पाण्याशी, हवेशी काही संबंध नाही, असं कितीतरी जणींचं होतं. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, वेळेवर निघून आली असतीस तर... आणि पुढचं बोलल्या नाहीत. दोघींचंही मी ऐकून घेतलं. नवरा सकाळी तोयोसुच्या ऑफिसला गेला, की मी बाटलीच्या पाण्याने कुकर लावायची आणि खिडकीशी बसायची. रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती, पण जेवणाच्या वेळी जेवत होते.

जूनमध्ये न जळणारा कचरा टाकायच्या दिवशी खाली गेले, तर तळमजल्यावरचे आजोबा एक पारदर्शक पिशवी हातात धरून उभे होते. पिशवीत पत्र्याच्या छोट्या जहाजांचे तुकडे होते. ती कचऱ्यात ठेवावी की घरी परत न्यावी हे त्यांचं ठरत नसावं. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, चार जहाजं होती, भूकंपात फळीवरून पडली. ते योकोहामाच्या गोदीत चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, की मीही पुण्यात तेच काम करायची, कॉम्प्युटरवर.

दोन दिवसांनी ते मोची, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, घेऊन दारात आले. जहाजं पुन्हा करायची होती, पण आता त्यांचे हात थरथरायचे. लेझरने पत्रा कापून देणारं एक दुकान होतं, त्याला कॉम्प्युटरवरची ड्रॉइंग लागत. आठवड्यातून तीन दुपार आरुबाइतो, म्हणजे थोड्या वेळाचं पगारी काम, कराल का, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, कर, तेवढंच मन रमेल. मन रमण्याचा प्रश्न नव्हता. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, म्हणून गेले.

ती दुसऱ्या महायुद्धातली, अगानो वर्गाची हलकी क्रूझर जहाजं होती. चारही जहाजांना नद्यांची नावं होती. विनाशिकांच्या ताफ्यापुढे धावायचं, अंधारात शत्रू गाठायचा आणि पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडायचे, यासाठी ती बांधलेली. म्हणून अंग लांब आणि सडपातळ, चिलखत बेताचं, धुराडं एकच, पुढे तोफांच्या दोन जोड्या आणि मागे एक. आजोबा जुन्या फोटोंवर पट्टी ठेवून मापं सांगायचे, मी रेषा ओढायची. नाकापासून मागे उतरत जाणारी डेकची रेषा त्यांनी माझ्याकडून अकरा वेळा काढून घेतली. मला कंटाळा आला नाही. बरंही वाटलं नाही.

चहाच्या वेळी ते जहाजांचं काय झालं ते सांगायचे. ती पाण्यात उतरेपर्यंत लढाईच बदलली होती, मारा विमानांचा आणि पाणबुड्यांचा होऊ लागला होता. पहिलीला पाणबुडीने बुडवलं. दुसरी आणि तिसरी विमानांच्या हल्ल्यात गेली. चौथी तयार झाली तेव्हा तेलच उरलं नव्हतं, त्यामुळे ती लढलीच नाही. "युद्ध संपलं, ती वाचली," एवढं बोलून ते कप विसळायला उठायचे.

सप्टेंबरमध्ये चौथीचे फोटो शोधताना मला पुढचं सापडलं. युद्धानंतर अमेरिकेने ती ताब्यात घेतली आणि अणुबॉम्बच्या चाचणीसाठी एका प्रवाळबेटाजवळ नांगरून ठेवली. बॉम्ब जवळपास तिच्या डोक्यावरच फुटला. ती दुसऱ्या दिवसापर्यंत जळत राहिली आणि ओढून किनाऱ्याला नेताना बुडाली. मी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी खाली गेले.

"चौथीचं तुम्ही मला सांगितलं नाही," मी म्हटलं.

आजोबांनी पट्टी पुसून खाली ठेवली. मे महिन्यात माझ्यासाठी अँब्युलन्स आली तेव्हा आपण खालीच उभे होतो, असं त्यांनी सांगितलं.

"या वर्षी तुम्हाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. चाचणीला नेण्याआधी काही महिने त्या जहाजाने दूरच्या बेटांवर अडकलेले सैनिक घरी आणले. त्यांचे वडील तिच्यावरूनच परतले. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते, आणि दारात आलेला हाडकुळा माणूस त्यांना ओळखू आला नव्हता. वडील लढाईबद्दल कधीच बोलले नाहीत. बोलायचे ते जहाजावरच्या संडासांबद्दल. एवढी माणसं कोंबलेली, म्हणून डेकच्या कडेला, थेट समुद्रावर लोंबकळणारे लाकडी संडास ठोकलेले. लाट आली की आतला माणूस भिजून बाहेर यायचा.

चौथी आपण तशीच करू, आजोबा म्हणाले. तोफा लढाईच्या तयारीत नकोत, कडेला संडास हवेत. फोटोत ते नीट दिसत नव्हते. मग माप ठरवायला आजोबा स्वतः जमिनीवर उकिडवे बसले आणि मी टेप धरली. गुडघ्यांना किती जागा लागेल, समोर धरायला दांडा कुठे असेल. तेवढ्यात त्यांचा तोल गेला, त्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "लाट आली."

मला हसू फुटलं. आवाज इतका मोठा होता, की मीच दचकले. हसणं लगेच थांबलं आणि मी मापं लिहून घेतली.

संध्याकाळी नवऱ्याला ते ड्रॉइंग दाखवलं आणि कसं हसले तेही सांगितलं. त्याने शर्टसुद्धा बदलला नव्हता. तो तिथेच बसला आणि रडायला लागला. मेपासून तो माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझे डोळे कोरडेच होते. माझं रडणं पुढच्या हिवाळ्यात आलं, स्टेशनच्या जिन्यावर, कारण नसताना.

जहाजं वर्षभराने पुरी झाली. त्यानंतर आजोबांची मुलगी त्यांना नागानोला आपल्याकडे घेऊन गेली. पहिली तीन त्यांनी शहराच्या वाचनालयाला दिली. चौथी बरोबर नेली, मांडीवर ठेवून, कारण सामानाच्या ट्रकवर त्यांचा विश्वास नव्हता.