मुश्तरीचे ठिपके

माझे अब्बा गुरूला मुश्तरी म्हणतात. उर्दूत त्या ग्रहाचं नाव तेच, आणि निजामाच्या काळातल्या खरेदीखतांत जमीन घेणाऱ्यालाही मुश्तरीच लिहिलेलं असायचं. अब्बा कळंबच्या तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे, जुने उर्दू कागद वाचून दाखवायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी ऐकलं, की मुश्तरीनं मांजरेकाठचं रान घेतलं. कितीतरी वर्षं मला वाटायचं, आभाळातल्या त्या तेजस्वी ठिपक्याचं आमच्या नदीकाठी शेत आहे. शाळेत मी हे छातीठोकपणे सांगितलंही. सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी अब्बांवर रुसले, तर ते म्हणाले, "मग काय, तुझं खोटं हाय व्हय? बघ की, रोज रानावर चक्कर मारतो."

तेव्हापासून आम्ही दोघं त्याच्यावर पाळत ठेवतो. आता मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, अब्बांच्याच घरी राहते. पण ठिपक्यांची वही त्यांचीच. पद्धत साधी आहे. जवळचे दोन ठळक तारे आधी वहीत काढून ठेवायचे, मग हात लांब करून त्यांच्यापासून ग्रह किती बोटं लांब आहे ते मोजायचं आणि आठवड्याला एक ठिपका द्यायचा. ग्रह ताऱ्यांमधून हळूहळू पुढं सरकतो, मग एक दिवस थांबतो आणि काही महिने मागं येतो. पंचांगवाले त्याला वक्री म्हणतात. कधी वळणार ते पंचांगात छापलेलं असतंच, पण अब्बांच्या मते ते बघणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं.

यंदा गुरू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी होता. दिवाळीच्या आधी तो पहाटे फजरच्या वेळी डोक्यावर दिसायचा. अब्बा नमाज झाली की गच्चीवर जायचे आणि खाली येऊन ठिपका द्यायचे. मला पहाटे उठायचा कंटाळा. मी आपली दर महिन्याला वही वर्गात न्यायची आणि तोऱ्यात दाखवायची.

डिसेंबरात एका पहाटे जाग आली म्हणून मीही वर गेले. गुरू दुसऱ्या ताऱ्याच्या जवळ परतलेला. वहीतला शेवटचा ठिपका मात्र चांगला तीन बोटं पुढं. म्हणजे ग्रह केव्हाच मागं वळलेला आणि अब्बांचे ठिपके आपले सरळ पुढं चाललेले. माझा पारा चढला. वर्गात मी हेच दाखवून आले होते ना!

"अब्बा, हे काय? अंदाजपंचे ठोकलंय सगळं?"

अब्बा लाडात असले की मराठी बोलतात, चिडले की दखनी. "तेरेकू क्या करना है?" एवढंच म्हणाले आणि चहाकडं हात नेला. हात बशीच्या शेजारी पडला. मग चाचपत कपावर आला. मी बघतच राहिले. माझी जीभ ही अशी आधी धावते आणि डोळे मागून येतात, त्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

वही उचलली तर कव्हराच्या आतून एक चिठ्ठी निघाली. डोळ्यांच्या शिबिरातली, दिवाळीच्याही आधीची. काचबिंदू, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात दाखवा. गावातल्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, पण औषध लगेच सुरू केलं तर उरलेली टिकवता येते. थांबाल तर तीही जाईल.

मी चार दिवस मागं लागले. सोलापूरला चला म्हटलं, रडले, अबोला धरला. अब्बा बधले नाहीत. शेवटी म्हणाले, "मला समदं दिसतंय. वय झालं की थोडं अंधुक व्हतंच." अख्ख्या कळंबात सुंदर अक्षरासाठी ओळखला जाणारा माणूस, त्यानं दिसत नाही हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? मला कळत होतं. पण एकेक दिवस चालला होता आणि मला धीर धरवत नव्हता.

रविवारी दुपारी मी एक पुठ्ठा घेतला. दोन ताऱ्यांच्या जागी हरभऱ्याची डाळ चिकटवली. अब्बांचे बरोबर होते तेवढे ठिपके ज्वारीच्या दाण्यांनी लावले. चुकलेल्या आठवड्यांच्या जागा फोनमध्ये पाहून काढल्या, त्यांनाही दाणे लावले. डिंक वाळल्यावर पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसले.

त्यांनी आधी डाळी चाचपल्या. "पुनर्वसू," म्हणाले. मग बोट दाण्यांवरून पुढं निघालं, एकेक करत, सवयीनं. दाणे संपले तरी बोट तसंच सरळ पुढं गेलं आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर थांबलं. तिथं काहीच नव्हतं. ते थोडं मागं आले. शेवटच्या दाण्याखाली दुसरी ओळ लागली, उलट्या दिशेची. ती त्यांनी दोनदा चाचपली.

"हितनं मुरडला व्हय," ते म्हणाले. "आन म्या आपला फुडंच चाललो."

मी त्यांचा हात धरला. बोटाला डिंक लागला होता.

"तो एकटाच दिसतो गं मला," अब्बा मराठीत म्हणाले. "बाजूचे तारे गेले. मग मोजायचं कशापासनं? तुला वही लागायची, म्हणून देत गेलो ठिपके."

त्यांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी सावरून माझ्याकडं दिला.

"सोलापूरची पहिली गाडी कितीला हाय?"