काविळीचा आकडा कुणी पाहिलाय का?

सरकारी ऑफिसात आकडा मागायला गेलं की आकडा सोडून सगळं मिळतं. चहा मिळतो, सल्ला मिळतो, अन् घरी येताना एक किस्सा मिळतो. माझ्याकडं इतके जमलेत की कुणी नुसतं ‘आजी, काय झालं?’ विचारलं तरी जेवायची वेळ टळते.

झालं असं, चिकलठाण्याच्या पलीकडं आमची वस्ती. नळाला गटाराचं पाणी येतं, घरोघर कावीळ. शेजारच्या शकीलाची सून पोटुशी, तिलाही झाली. नवी पाइपलाइन मागितली तर पाणी खात्याचे साहेब म्हणाले, ‘‘आधी सरकारी आकडा दाखवा. त्याशिवाय फाइल हलत नाय.’’

शाळेत मी गेले ती झाडायला. फळा पुसता पुसता अक्षरं शिकले. म्हटलं, एक आकडा शोधणं काय अवघड!

*

क्रांती चौकाजवळच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसातला क्लार्क म्हणाला, ‘‘सगळं वेबसाइटवर टाकलंय, आजी.’’

तिथंच मोबाइल काढला. ‘जलजन्य आजार’वर बोट ठेवलं, तर योग दिनाचे फोटो. साहेब लोक चटईवर पाय वर करून पडलेले.

‘‘कावीळ उघडली तर योगासनं निघाली की रे.’’

‘‘मग करा की. फरक पडतो.’’

*

माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, ‘समक्ष येऊन अवलोकन करावे.’ मी इस्त्रीचं लुगडं नेसून अवलोकन करायला गेले. कपाटाला कुलूप, अन् किल्ली मॅडमकडं.

‘‘मॅडम कुठंयत?’’

‘‘ट्रेनिंगला.’’

‘‘कसलं ट्रेनिंग?’’

शिपायानं कागद बघून सांगितलं, ‘‘माहिती लोकांपर्यंत कशी पोचवायची, त्याचं.’’

*

मग एकदाचा सर्व्हे आला. आला तोही भर दुपारी, जेव्हा अर्धी वस्ती शेंद्र्याच्या कंपन्यांत असते. दारांना कुलपं. टीमनं प्रत्येक कुलपाशेजारी खडूनं खूण केली अन् टॅबमध्ये भरलं, ‘रुग्ण नाही.’

शकीलाचं दार तेवढं उघडं. सून चौकटीला धरून उभी, डोळे हळदीसारखे.

सिस्टरनं विचारलं, ‘‘ताप आहे का?’’

शकीला म्हणाली, ‘‘बुखार उतर गया बाई. पीलिया है, आँखां देखो ना.’’

‘‘आज फक्त तापाचा सर्व्हे आहे. काविळीचा वेगळा येईल.’’

अन् तिच्याही दारावर खूण करून गेल्या.

*

मी थेट मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. त्यांनी कॉम्प्युटरवर शहराचा नकाशा दाखवला. जिथं साथ तिथं लाल, बाकी हिरवं.

‘‘ही तुमची वस्ती. बघा, कशी हिरवीगार आहे.’’

‘‘माणसं पिवळी पडली साहेब, अन् नकाशा हिरवा?’’

‘‘तुमचे लोक प्रायव्हेटला जातात ना. ते आमच्या मोजणीत येत नाहीत. सरकारी दवाखान्यात भरती व्हा, मग धरतो.’’

शकीलाला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मतलब बीमार होने का भी सही जगह होना, खाला?’’

*

धरतो म्हणाले, म्हणून गेलो. सुनेला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. तिच्यामागं वस्तीतले बाकीचेही गेले. खिडकीवर मी वस्तीचं नाव सांगायला लागले, तर क्लार्क म्हणाला, ‘‘राहू द्या. पत्त्याच्या जागी कॉम्प्युटर दवाखान्याचाच पत्ता घेतो.’’

शकीला रोज डबा न्यायची, मी सोबत. एके सकाळी बघतो तर गेटसमोरचा रस्ता खोदलेला. माणूस आत उभा राहील एवढे निळे कोरे पाइप ओळीनं ठेवलेले. हेल्मेट घातलेला इंजिनिअर उभा होता.

‘‘काय काढलंय हे?’’ मी विचारलं.

‘‘पाण्याची नवी लाइन, आजी. काविळीचा आकडा आला ना. सगळ्या शहरात जास्त पेशंट ह्याच गल्लीत.’’

मी त्याला गेटवरची पाटी दाखवली. ‘‘बाबा, हा दवाखाना आहे.’’

‘‘व्हय ना,’’ तो म्हणाला, ‘‘नशीबवान लोक. एवढी साथ, अन् दवाखाना अगदी दारात.’’