एक हुक लावायला आलेला टुटू

तुम्ही चहा घ्या, बिस्किटं बुडवा, पण मध्ये हसायचं नाही, ही माझी पहिली अट. कारण मी हे सांगतोय ते गंमत म्हणून नाही. मी चिडलोय. अजून चिडलोय!

म्हसळ्याहून बहरैनला आलो तेव्हा मला पॉपलिन आणि मलमल यातला फरक कळत नव्हता. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, दुकान झाडता झाडता शिकलो. आज डोळे मिटून कापडाला हात लावतो आणि सांगतो, माल कुठला आहे आणि विकणारा किती थापा मारतोय. अशा माणसाची अब्रू गेली कशात? तर एका फ्रॉकात! तेही बारा वर्षांच्या पोरीच्या!

त्याला फ्रॉक म्हणायचं नसतं, टुटू म्हणतात, हे आता मला पाठ आहे. तेव्हा कोणी सांगितलं होतं?

माझी मुलगी नाझनीन सनदला राहते. तिची अलीना बॅले शिकते. बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर उभं राहून असं नाचायचं, की बघणाऱ्याचीच पावलं दुखायला लागावीत. जुफैरला क्लास आहे, मिस लिझा नावाच्या फिलिपिनो बाई शिकवतात. यंदाच्या कार्यक्रमात एकटीनं नाचायचा मान अलीनाला मिळाला होता. पोरीनं सरळ चालणंच सोडलं! स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास आणायचा तरी गिरकी घेऊन.

कार्यक्रम शुक्रवारी होता. गुरुवारी सकाळी नाझनीन दुकानात आली. हातात ही भली मोठी गोल पेटी, आपल्याकडे दावतीत बिर्याणीची परात येते तेवढी.

"अब्बा, अलीनाच्या ड्रेसचा मागचा एक हुक निघालाय. दाऊद मास्टरांकडून तेवढा लावून घ्या. संध्याकाळी मिस लिझा अलीनाला घेऊन येतील, तेव्हा त्यांना द्या."

"एवढंच?"

"एवढंच. आणि अब्बा, बाकी कशाला हात लावू नका."

आता मला सांगा, कापडवाल्याला असं म्हणतात का? डॉक्टरला कोणी सांगतं का, की फक्त नख बघा, पेशंटकडे बघू नका?

ती गेली आणि मी पेटी उघडली. उघडली आणि थंडच झालो! घागरा म्हणजे काय, कमरेवरून खाली पडतो. हा पडतच नव्हता! कमरेभोवती तबकासारखा आडवा ताठ उभा. हातानं दाबला, खाली गेला. हात काढला, परत वर! अडून बसलेल्या गिऱ्हाइकासारखा.

"दाऊद, इकडे ये. हे काय आहे?"

दाऊद मास्टर माझ्याकडे शिलाई बघतो. खेडचा माणूस, हात सोन्याचा, फक्त मी म्हणेन त्याला 'बरोबर शेठ' म्हणायची सवय. त्यानं टुटू उलटा केला आणि चष्मा पुसला.

"शेठ, कापड मारलंय ह्यात."

"म्हणजे?"

"हे बघा. वरचा थर लांब. खालचा त्याहून आखूड. त्याच्या खालचा आणखी आखूड. शेवटचा तर नुसती झालर. दिसत नाही तिथं नेट वाचवलंय."

"चोर!"

"बरोबर शेठ. आणि हे बघा, थराथरातून लांब लांब कच्चे टाके. काढायचेच ऱ्हायले."

"आळशी चोर!"

"आणि शेठ… ह्यात तार आहे!"

तार! पोरीच्या कपड्यात तार! मला घामच फुटला. का ते सांगतो. मुहर्रकच्या एका गिऱ्हाइकानं माझ्याकडून शर्ट नेला होता, भावाच्या लग्नासाठी. कॉलरमधला पुठ्ठा आणि मागच्या टाचण्या न काढता घातला आणि अख्खं लग्न मान ताठ ठेवून बसला. लोकांना वाटलं, नवरदेवाचा भाऊ भलताच गर्विष्ठ आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्या नावानं जी ओरड केली! तेव्हापासून माझा नियम आहे: टाचणी, क्लिप, पुठ्ठा, पॅकिंगचं जे काही असेल ते काढल्याशिवाय माझ्या दुकानातून कपडा बाहेर जात नाही.

मग ही तार तरी कशी जाऊ देणार?

मी इतका भडकलो, की मिस लिझांना व्हॉइस मेसेजच ठोकला. "मॅडम, युअर टेलर इज अ थीफ. ही हॅज चीटेड यू. डोन्ट वरी, आय विल मेक एव्हरीथिंग करेक्ट." खलास. पाठवला.

दुपारची जोहरची नमाज पढून आलो आणि दोघं कामाला लागलो. तार ओढून काढली. दाऊदनं ती कापून टोपलीत टाकली. कच्चे टाके एकूण एक उसवले. मग कोमट पाण्यात बुडवून कांजी घालवली. वाळवायला गच्चीवर टाकला. आपल्या इथलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, कपडा वाळत घालायला वर जावं आणि तोच वाळका घेऊन खाली यावं. मग बेताची इस्त्री फिरवली. आखूड थरांना माझ्या ठाणातलं मऊ नेट जोडलं, उत्तम प्रतीचं, माझ्याकडून भेट! तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत घागरा कसा झकास खाली पडला. पुतळ्यावर चढवला. येणारी जाणारी माणसं थांबून बघत होती.

संध्याकाळी मिस लिझा आल्या, सोबत अलीना. मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "यल्ला, बघा!"

बाईंनी घागऱ्याची कड बोटानं उचलून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "सर, व्हेअर इज द वायर?"

मी ऐटीत टोपलीतून तारेचे दोन तुकडे काढून दाखवले. "हे बघा काय ठेवलं होतं आत! मला फक्त त्या शिंप्याचं नाव सांगा. बहरैनमध्ये असो नाहीतर दुबईत, मी त्याला सोडत नाही."

"आय मेड इट, सर."

"काय?"

"मी शिवला. हातानं. क्लास संपल्यावर रोज थोडा थोडा, सबंध हिवाळा. तुमचा मेसेज मी येताना गाडीत ऐकला."

मी दाऊदकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो 'बरोबर शेठ' म्हणाला नाही.

अलीना सरळ चालत ट्रायल रूममध्ये गेली आणि पडदा ओढून घेतला. त्यापेक्षा माझ्या तोंडावर ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा नाच, आणि नाचायला कपडा नाही!

"अँड द हुक, सर?" बाईंनी विचारलं.

हुक! अहो, हुक लावायचा राहिलाच होता!

मिस लिझांनी खुर्ची ओढली, बसल्या, कपाळाला हात लावला, आणि काय झालं कोण जाणे, हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही टुटू बिघडवला नाहीत. मागे नेलात." मग मला सगळा इतिहास सांगितला. फार पूर्वी राजवाड्यांत बाया जमिनीपर्यंतचे जड घागरे घालून नाचत, पावलंच दिसत नसत. कोणीतरी घागरा वर घेतला तर केवढा गहजब! मग आला मलमलीचा, जाळीचा, घंटेसारखा, पोटरीपर्यंतचा. गिरक्या आणि उड्या वाढल्या तसा तो गुडघ्यावर चढला, मग मांडीवर. शेवटी तार घालून अगदी आडवा केला, मागच्या रांगेतल्या माणसालाही अख्खा पाय दिसावा म्हणून. खालचे आखूड थर वरच्यांना उचलून धरतात. ते टाके थरांना एकत्र ठेवतात. म्हणजे मी ज्याला ज्याला चोरी म्हणालो, तो तो आधार होता!

वर चढायला त्याला दोनशेच्या आसपास वर्षं लागली. मी जोहर ते असर एवढ्यात खाली आणला.

"आता एका रात्रीत तो परत ताठ होणार नाही," बाई म्हणाल्या. "पण जुन्या पद्धतीचे नाच असतात, लांब घागऱ्यातले. परीक्षेसाठी बसवलेला एक अलीनाला येतो."

पडद्यामागून आवाज आला, "आय कॅन डू दॅट वन."

मी अल्लाचे आभार मानले. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, "बट नाना इज नॉट टचिंग इट!"

बघा! स्वतःच्या दुकानात मला मनाई! मी नेटचं ठाण काढून दिलं आणि दाऊद आणि बाई पोटरीपर्यंतचे थर लावत होते तेव्हा गल्ल्यावर हात मागे बांधून बसलो. दुरून दोन सूचना केल्या. कोणी ऐकल्या नाहीत.

शुक्रवारी पोरगी नाचली. काय नाचली! तो मऊ घागरा तिच्यामागून धुरासारखा फिरत होता. नाझनीननं आदल्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला होता, तिनंही पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

आणि नंतर सूत्रसंचालक माइकवर काय म्हणाला असेल? "पोशाखाचं जुनं रूप पुन्हा घडवल्याबद्दल अलीनाच्या आजोबांचे खास आभार!" टाळ्या! मी उठून उभा राहिलो. मग काय करायला हवं होतं? टाळ्या परत करायच्या?

बाहेर चहाला लोकांनी घेरलं. मीही सुरू झालो. राजवाड्यातले घागरे, मलमल, गुडघा, मांडी, सगळं. जणू काही मीच तेव्हा तिथं माल पुरवत होतो! एका गृहस्थांनी फार मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण मग ती तार घालायला नेमकी सुरुवात कधी झाली?"

मी घसा खाकरला. तारीख काही मला आठवेना. तेवढ्यात माझ्या कोपराजवळ केक खात उभ्या असलेल्या अलीनानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

"व्हेन नाना वॉज नॉट लुकिंग."