मिसळीच्या पत्त्यावरचा पंक्चरवाला

एका छोट्या, नव्या सर्च इंजिनची परीक्षा घ्यायचं काम मला मिळालं होतं. मी ‘मंगळवार पेठेतली चांगली मिसळ’ शोधली आणि पहिल्याच पत्त्यावर स्कूटर घेऊन गेलो. तिथं पंक्चरचं दुकान निघालं.

पाण्यात ट्यूब बुडवून बसलेल्या माणसानं मान वर न करताच विचारलं, “मिसळ न्हवं?”

मी मोबाईल दाखवला.

“पत्ता बरोबर हाय की, पावणं. तुम्हीच तीन वर्षं उशिरा आलाय.”

“पत्ता काढून टाकायला कळवतो,” म्हणत माहिती शिळी असल्याची तक्रार मी तिथंच लिहायला घेतली. त्यानं शांतपणे माझ्या पुढच्या चाकावर अंगठा दाबला.

“ऱ्हाऊ दे की तसंच. मिसळीला येणाऱ्यांच्या चाकात हवा कमीच असती.”

माझ्याही चाकात कमी होती. हवा भरून होईपर्यंत मी तक्रार खोडून टाकली.